सकाळी साडेनऊला रिमोट डेस्कटॉप उघडायला तीन मिनिटं लागतात : वेळ नेमका कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात २८ जण एकाच रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर काम करतात, म्हणजे टेबलावरच्या संगणकात नुसता पडदा दिसतो, काम त्या एका मशीनवर चालतं. विंडोज सर्व्हर २०१९, रॅम ६४ जीबी, खाती आणि पासवर्ड सांभाळणारा डोमेन कंट्रोलर वेगळा. प्रत्येकाचं प्रोफाइल, म्हणजे त्याची सेटिंग आणि फाइली, यूजर प्रोफाइल डिस्कच्या (माणशी एक मोठी फाइल) रूपात फाइल सर्व्हरवर आहे, आणि त्या फाइल सर्व्हरमध्ये चार सटा हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा अशा जोडणीत) लावलेल्या आहेत. काम टॅली, एक्सेल आणि ब्राउझरचं. सकाळी साडेनऊला लॉगिनला तीन-चार मिनिटं लागतात, दुपारी गर्दी नसतानाही दीड मिनिट. काही जणांना मध्येच काळा पडदा दिसतो. देखभाल करणाऱ्यांनी सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट होईल असं लावून दिलंय आणि आता ते रॅम दुप्पट करायला सांगताहेत. शेठचं मात्र ऑफिसात पाच सेकंदांत उघडतं. ते सकाळी सातला घरून एकदा जोडतात, त्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडा ठेवलाय. गेल्या महिन्यात लागलेल्या मुलीचं लॉगिन वीस सेकंदांत होतं. आणि प्रश्न : "दादा, रॅम घ्यावी का?"

आत्ता घेऊ नका. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर धरून माणशी एक ते दीड जीबी मोजली तरी २८ जणांची बेरीज चाळीसच्या आसपास थांबते. तरी माझ्या अंदाजावर विसंबू नका. सकाळी पावणेदहाला परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये मोकळी मेमरी किती आहे ते बघा. दहा-पंधरा जीबी मोकळी दिसली, तर अजून ६४ जीबी घालून तीही मोकळीच राहील.

मूळ प्रश्नाआधी पोर्टबद्दल बोलतो, कारण ते आजच करायचं आहे. ३३८९ थेट इंटरनेटला उघडा असला की जगभरातून पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न चोवीस तास चालू असतात. सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (इव्हेंट लॉग या विंडोजच्या नोंदवहीचा एक भाग) ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघा. बाहेरच्या पत्त्यांवरून तासाला शेकडो फसलेली लॉगिनं दिसली, तर तुमच्या माणसांचं लॉगिन त्याच दारातून, त्याच गर्दीत होतंय असं समजा. पण मला संथपणापेक्षा जास्त काळजी आहे ती त्यातला एखादा प्रयत्न यशस्वी होण्याची. एका रात्रीत सगळा डेटा कुलूपबंद झालेलं ऑफिस मी पाहिलंय. तिथल्या हिशेबनीस बाई सहा वर्षांची बिलं कागदावरून परत चढवत बसल्या होत्या. शेठना घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त मार्ग) द्या, नाहीतर ४४३ पोर्टवरचा रिमोट डेस्कटॉप गेटवे (मध्ये उभा राहून ओळख तपासणारा) द्या. ३३८९ बंद करा.

आता लॉगिन.

बडोद्यात कुठल्याही ऑफिसात गेलात तरी तक्रार एकाच वाक्यात येते : "सर्व्हर धीमो छे." ते खरंही असतं, पण त्यावरून काहीच करता येत नाही. पासवर्ड टाकल्यापासून टॅलीचं चित्र दिसेपर्यंत पाच-सहा वेगवेगळी कामं एकामागून एक होत असतात, आणि त्यातलं बहुतेक वेळा एकच अडलेलं असतं. ते कुठलं, हे कळल्याशिवाय मी हल्ली काहीही बदलत नाही. हे शहाणपण मला एका गिऱ्हाइकाच्या पैशांतून आलं. दांडिया बाजारातल्या एका सीएंच्या ऑफिसात लॉगिनला तीन मिनिटं लागत होती. मी बघताक्षणी म्हणालो, डिस्क जुन्या आहेत, एसएसडी घ्या. त्यांनी विश्वासाने घेतल्या. लॉगिन तीन मिनिटांवरून दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर आलं. त्यानंतर मी इव्हेंट लॉग उघडला. दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या सर्व्हरवरचा एक मॅप ड्राइव्ह (दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर, आपल्याकडे ड्राइव्ह म्हणून दिसणारा) अजून सगळ्यांना लावला जात होता, आणि तो न सापडल्याने प्रत्येकाचं एक मिनिट जात होतं. ती एक ओळ काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तुमच्या प्रश्नात दोन धागे आहेत, आणि दोन्ही तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहेत.

पहिला शेठचा. शेठचं पाच सेकंदांत उघडतं कारण ते ऑफिसात आल्यावर लॉगिन करतच नाहीत. घरून काम झाल्यावर ते नुसती खिडकी बंद करतात, सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं, आणि अकरा वाजता ते त्याच सेशनला परत जोडले जातात. लॉगमध्ये हे स्वच्छ दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस, लोकल सेशन मॅनेजर, ऑपरेशनल असा लॉग आहे. नवीन लॉगिनची नोंद २१ क्रमांकाने पडते, परत जोडल्याची २५ ने. शेठच्या नावासमोर ऑफिसच्या वेळेला २५ असणार. तेव्हा "माझं तर लगेच उघडतं" या त्यांच्या बोलण्यावरून काही ठरवू नका, आणि खरेदीचा निर्णय तेच घेणार असल्याने हा फरक त्यांना नीट समजावून सांगा. रोज रात्रीच्या रीस्टार्टचाही इथे संबंध आहे. त्याने सगळ्यांची सेशनं मरतात, आणि सकाळी २८ च्या २८ जणांना पूर्ण लॉगिन करावं लागतं, तेही कॅशे रिकामी असलेल्या मशीनवर. ज्या दुखण्यावर म्हणून तो उपाय केला त्यानेच सकाळ जड झाली आहे. रीस्टार्ट आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी ठेवा. सुटलेली सेशनं किती तासांनी बंद करायची ते धोरणात, म्हणजे ग्रुप पॉलिसीत (डोमेन कंट्रोलरवरून सगळ्यांना लागू होणारी सेटिंग), ठरवून द्या.

दुसरा धागा नव्या मुलीचा, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची माहिती आहे. तोच सर्व्हर, तीच डिस्क, तेच नेटवर्क, तरी तिचं लॉगिन वीस सेकंदांत. म्हणजे मशीन वेगाने लॉगिन करू शकतं. जे अडतंय ते जुन्या माणसांबरोबर येतंय : त्यांचं प्रोफाइल, त्यांचे ग्रुप, त्यांना लागणारे ड्राइव्ह आणि प्रिंटर. तिचं खातं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेन कंट्रोलरवरच्या खात्यांच्या यादीत) कुठल्या ओयूमध्ये, म्हणजे कप्प्यात, आहे आणि कुठल्या ग्रुपांत नाही, ते एखाद्या संथ खात्याशेजारी ठेवून बघा. दोघांसाठी जीपीरिझल्ट या कमांडने लागू होणाऱ्या धोरणांचा एचटीएमएल अहवाल काढा आणि समोरासमोर वाचा. माझा अंदाज आहे की उत्तराचा मोठा भाग तिथेच सापडेल.

मोजायचं कसं ते सांगतो. आधी ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली, सिस्टीम या भागात, सविस्तर स्टेटस संदेश दाखवण्याची सेटिंग चालू करा. मग नुसतं गोल फिरणारं चक्र दिसण्याऐवजी पडद्यावर "ग्रुप पॉलिसी क्लायंट", "यूजर प्रोफाइल सर्व्हिस" अशी नावं येतात. मग एखाद्या संथ माणसाच्या लॉगिनचं मोबाईलवर चित्रीकरण करा, पासवर्डच्या एंटरपासून टॅली उघडेपर्यंत. एकदा सकाळी, एकदा दुपारी, आणि एकदा त्या नव्या मुलीचं. कुठला संदेश किती सेकंद टिकला ते व्हिडिओ मागे-पुढे करून लिहून काढा. विचारलं तर लोक "पाच मिनिटं लागतात" म्हणतात, आणि वाट बघणाऱ्याला ती तशीच वाटतात. पण आपल्याला सेकंद हवेत.

पासवर्ड स्वीकारला जाण्याआधीच वेळ जात असेल, तर पहिली तपासणी डीएनएसची, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सेवेची. सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस फक्त डोमेन कंट्रोलरचाच हवा. आपल्याकडे हमखास दिसणारी चूक म्हणजे पहिला डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८, "इंटरनेट बंद पडू नये म्हणून". पहिल्याने उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं. दुसऱ्याला तुमच्या कारखान्याचं डोमेन ठाऊकच नाही, तो "असं नाव नाही" म्हणून मोकळा होतो, आणि विंडोज ते खरं मानतं. मग डोमेन कंट्रोलर शोधण्याची धडपड सुरू होते. बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ ठेवायचाच असेल तर तो डोमेन कंट्रोलरच्या डीएनएस सेवेत फॉरवर्डर (स्वतःला ठाऊक नसलेली नावं ज्याला विचारायची तो) म्हणून ठेवा.

आता मुख्य संशयित, ग्रुप पॉलिसी. तिचा स्वतःचा ऑपरेशनल लॉग आहे आणि तो इतका सरळ लिहिलेला आहे की लोक तो का उघडत नाहीत याचं मला दर वेळी वाईट वाटतं. लॉगिनच्या पॉलिसीची सुरुवात ४००१ ने होते, शेवट ८००१ ने, आणि त्या शेवटच्या नोंदीत एकूण किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. मधल्या ५०१६ नोंदींत प्रत्येक भागाने किती मिलिसेकंद घेतले ते येतं : ड्राइव्ह मॅप, प्रिंटर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांचा साठा), फोल्डर रीडायरेक्शन. एका लॉगिनच्या सगळ्या नोंदींना एकच अ‍ॅक्टिव्हिटी आयडी असतो. त्यावर गाळणी लावली की २८ जणांच्या गर्दीतून एका माणसाची गोष्ट वेगळी काढता येते. एखाद्या ५०१६ समोर ४०,००० असा आकडा दिसला, तर तुमची चाळीस सेकंदं तिथे आहेत.

बहुतेक वेळा तो ड्राइव्ह मॅप किंवा प्रिंटर निघतो. बंद पडलेल्या सर्व्हरचा ड्राइव्ह इतका वेळ का खातो हे समजून घ्या. सर्व्हर चालू असेल आणि नुसता नकार देत असेल तर नकार लगेच येतो, काम पुढे सरकतं. पण त्या पत्त्यावर कोणीच नसेल तर आपलं मशीन हाक मारतं, थांबतं, पुन्हा हाक मारतं, दुप्पट थांबतं. अशा एका प्रयत्नात वीसेक सेकंद सहज जातात. तीन मेलेले ड्राइव्ह म्हणजे एक मिनिट. आणि लॉगिनच्या वेळी हे सगळं डेस्कटॉप दिसण्याआधी, माणसाला थांबवून चालतं. तेव्हा पॉलिसीतला प्रत्येक मार्ग हाताने उघडून बघा. खात्याच्या गुणधर्मांत "होम फोल्डर" म्हणून जुन्या सर्व्हरचा मार्ग राहिलाय का, तेही बघा. तो पॉलिसीत दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो.

प्रिंटरच्या बाबतीत "रिप्लेस" हा शब्द शोधा. पॉलिसीत प्रिंटर रिप्लेस म्हणून लावला असेल तर प्रत्येक लॉगिनला तो आधी काढला जातो आणि नव्याने जोडला जातो. त्या जागी "अपडेट" करा. शिवाय रिमोट डेस्कटॉप प्रत्येकाच्या टेबलावरच्या संगणकातले सगळे प्रिंटर आपल्याबरोबर सर्व्हरवर घेऊन येतो, त्यात पीडीएफ, फॅक्स आणि कधीच न वापरलेले नेटवर्क प्रिंटरही आले. फक्त मुख्य प्रिंटर आणावा अशी सेटिंग धोरणात आहे, ती लावून टाका. डिस्पॅचवाल्यांचा डॉट मॅट्रिक्स मात्र त्यांच्या संगणकावर मुख्य म्हणून लावलाय याची आधी खात्री करा, नाहीतर गेटपास निघणार नाहीत आणि लोक हा बदल उलटा फिरवायला लावतील.

कोणता ड्राइव्ह कोणाला द्यायचा हे ग्रुपवरून ठरत असेल तर त्याला फार वेळ लागत नाही, कारण माणूस कुठल्या ग्रुपांत आहे ते त्याच्या लॉगिनबरोबरच कळलेलं असतं. तेच एलडॅप क्वेरी (खात्यांच्या यादीत शोधण्याचा प्रश्न) लिहून ठरवलं असेल तर दर वेळी डोमेन कंट्रोलरला विचारावं लागतं. अशा दहा क्वेऱ्या एकामागून एक बसल्या की फरक जाणवतो.

लॉगिन स्क्रिप्टविषयी, म्हणजे लॉगिनला आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीविषयी, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून ग्रुप पॉलिसीतून दिलेली लॉगिन स्क्रिप्ट, काही सेटिंग केली नसेल तर, पाच मिनिटं थांबून चालते. म्हणजे डेस्कटॉप वेळेवर येतो, पण टॅलीच्या डेटाचा ड्राइव्ह स्क्रिप्टने लावत असाल तर तो दिसत नाही, आणि माणूस "अजून लॉगिन होतंय" असं समजून हात बांधून बसतो. "लॉगऑन स्क्रिप्ट डिले" ही सेटिंग बंद करा, किंवा ड्राइव्ह स्क्रिप्टऐवजी ग्रुप पॉलिसीतल्या प्रेफरन्सेसमधून द्या.

प्रोफाइलसाठी यूजर प्रोफाइल सर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग बघा. त्यात नोंद १ म्हणजे लॉगिनची सूचना मिळाली, नोंद २ म्हणजे काम संपलं. मधलं अंतर एक-दोन सेकंद असेल तर हा विषय सोडून द्या. पंधरा-वीस असेल तर नजर फाइल सर्व्हरकडे वळवा. इथे एक चूक सर्रास होते. सगळे जण रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचा टास्क मॅनेजर बघत बसतात, तिथे डिस्क निवांत दिसते, आणि निष्कर्ष निघतो की डिस्क ठीक आहे. पण तुमची प्रोफाइलं तिथे नाहीतच. ती दुसऱ्या मशीनवर, त्या चार सटा डिस्कवर आहेत. ७२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभरच्या आसपास विखुरलेली कामं करू शकते, आणि रेड ५ मध्ये लिहिण्याचं काम आणखी महाग पडतं. साडेनऊ ते पावणेदहात २८ प्रोफाइलं एकदम उघडली की तिथे रांग लागणारच. फाइल सर्व्हरवर एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ त्याच पंधरा मिनिटांत नोंदवा. तो सतत वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या वर जात असेल, तर पैसे खर्च करायची जागा ही आहे : फक्त प्रोफाइल डिस्कपुरत्या दोन एसएसडी, मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा). रॅमच्या कोटेशनआधी हे कोटेशन मागवा.

त्याच फाइल सर्व्हरवरचा अँटीव्हायरस व्हीएचडीएक्स फाइली (म्हणजे त्याच प्रोफाइल डिस्क) दर वेळी तपासतोय का, तेही बघा. त्या फाइलींना वगळा, आणि आतला माल रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवरच्या अँटीव्हायरसला तपासू द्या. "बघू या फरक पडतो का" म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवू नका. बंद केलेला परत चालू करायचा राहून जातो.

राहिला काळा पडदा. आधी सांगितलेल्या सेशनच्या लॉगमध्ये २१ म्हणजे लॉगिन यशस्वी, २२ म्हणजे डेस्कटॉपचं कवच (शेल : टास्कबार, आयकॉन वगैरे) सुरू. या दोघांत मोठी फट असेल, किंवा २२ पडूनही पडदा काळाच राहत असेल, तर फायरवॉलचे नियम मोजा. हे ऐकायला विचित्र वाटेल. विंडोज स्टोअर पद्धतीच्या अंगभूत अ‍ॅप्ससाठी माणसागणिक फायरवॉलमध्ये नियम तयार करतं. प्रोफाइल डिस्क लॉगऑफला सुटते, पुढच्या लॉगिनला परत जोडली जाते आणि नियमांची नवी खेप पडते. जुनी तशीच राहते. काही महिन्यांत हे नियम हजारोंनी साचतात. नव्या सर्व्हरवर ते काही शे असतात. मोजताना पॉवरशेलची फायरवॉलची नेहमीची कमांड वापरू नका, इतक्या नियमांवर तीच अडकून पडते. रजिस्ट्रीत शेअर्ड अ‍ॅक्सेस सेवेखाली फायरवॉल पॉलिसीच्या कीमध्ये नियमांच्या नोंदी असतात, त्या मोजा. त्याच फायरवॉल पॉलिसीच्या कीमध्ये "डिलीट यूजर अ‍ॅप कंटेनर्स ऑन लॉगऑफ" या नावाची, सगळे शब्द जोडून, डीवर्ड (आकडा साठवणारी) व्हॅल्यू तयार करा आणि तिला १ द्या. सर्व्हरला अपडेट दिलेले असले की यापुढे साठा वाढत नाही. आधी साचलेले नियम मात्र आपोआप जात नाहीत. ते वेगळे साफ करावे लागतात. त्याआधी रजिस्ट्रीचा तो भाग निर्यात करून ठेवा, सर्व्हरचा बॅकअप घ्या, आणि हे काम सुट्टीच्या दिवशीच करा.

तुमच्या बाबतीत काळा पडदा काहींनाच दिसतो आणि नव्या मुलीला दिसत नाही, म्हणून मी फायरवॉलला दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. साठा फार असता तर तिलाही थोडा त्रास झाला असता.

कामाचा क्रम : आज पोर्ट बंद करा आणि डीएनएस बघा. उद्या तीन व्हिडिओ आणि ग्रुप पॉलिसीचा लॉग. मग जे सापडेल त्यात एका दिवशी एकच बदल, आणि वहीत तारीख, बदल, आधीचे सेकंद, नंतरचे सेकंद. एकाच संध्याकाळी चार गोष्टी बदलून लॉगिन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी ते परत बिघडलं की पहिल्यापासून शोधावं लागतं.

हे सगळं मी इतकं लांबवून लिहिलं कारण त्या तीन मिनिटांत कोण थांबतं ते मी पाहिलंय. सकाळी माल भरून ट्रक गेटवर उभा असतो. पन्नास हजारांवरचा माल म्हणजे ई-वे बिलाशिवाय हलता येत नाही, आणि बिल काढणारा मुलगा काळ्या पडद्याकडे बघत बसलेला असतो. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतो, आत सुपरवायझर त्या मुलालाच बोलतो. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचं विवरण भरायचं असतं, तेव्हा हिशेबाच्या टेबलावर हेच चालतं. त्यांच्यातलं कोणी पॉलिसीत मेलेला ड्राइव्ह ठेवलेला नाही.

सुधारणा झाली की नाही ते दुपारी स्वतःच्या खात्यातून लॉगिन करून ठरवू नका. रीस्टार्टनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी डिस्पॅचच्या टेबलाशी जाऊन उभे राहा आणि तिथे मोजा. तो आकडा, ८००१ नोंदीतले सेकंद, आणि प्रोफाइलच्या १ व २ नोंदींमधलं अंतर एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.